मास्टर लासिसीचा लाल रंग

मोरेनिकेबाईंनी घर विकायला काढलं आणि घराच्या दर्शनी भिंतीनंच पहिलं गिऱ्हाईक पळवून लावलं.

भिंतीवर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे घर विकणे नाही. भामट्यांपासून सावध राहा.’ खाडीकाठच्या इकोरोडू गावात अशी अक्षरं गल्लोगल्ली दिसतात, त्यात नवल काही नाही. घरची माणसं गावी मयताला गेली की कोणीतरी लबाड खोटे कागद घेऊन येतो आणि घर विकून मोकळा होतो. माणसं परत येऊन बघतात, तर बैठकीच्या खोलीत परकी मंडळी पडद्यांची मापं घेत असतात. मोरेनिकेबाईंच्या घरी सहा वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं, फक्त मापं घ्यायला एकदम तीन कुटुंबं आली होती. तिघांचीही समजूत घालून त्यांना वाटेला लावलं आणि त्याच संध्याकाळी बाईंच्या यजमानांनी, लासिसींनी, ब्रश हातात घेतला.

लासिसी पाट्या रंगवायचे. अख्खं इकोरोडू त्यांना मास्टर म्हणायचं. न्हाव्याची दुकानं, बोटी, दवाखाने, चर्च, मशिदीतली वेळापत्रकं, सगळीकडे त्यांचा हात फिरलेला. त्यांचा लाल रंग ते स्वतः घरामागच्या पिंपात कालवायचे आणि त्यात काय घालतात हे बायकोलाही सांगायचे नाहीत. बंदराजवळ त्यांनी रंगवलेली एक न्हाव्याची पाटी आहे. दुकान पडलं, न्हावी दुसऱ्या गावाला गेला, पाटी मात्र काल लावल्यासारखी चमकते आणि लोक अजून तिथे केस कापायला येऊन उभे राहतात. मास्टर गेल्या वर्षी वारले. भिंतीवरची अक्षरं तशीच ताजी राहिली.

बाईंना आता या घरात करमत नव्हतं. लेक डेमी दूर अबेओकुटा गावी असे, तिचं पहिलं बाळंतपण पुढच्या महिन्यावर आलं होतं. तिच्या शेजारच्याच दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि मालकानं सांगितलं होतं, “शनिवारपर्यंत थांबतो, आजीबाई. त्यापुढे नाही.” म्हणजे शनिवारच्या आत हे घर विकलं तर नातवाला पहिली आंघोळ आजीच्या हातची, नाही तर फोनवरून.

घर विकायचं काम सुंकान्मी नावाच्या एजंटाकडे होतं. सोमवारी तो एक नवराबायको घेऊन आला आणि फाटकापासूनच सुरू झाला.

“खाडीकाठचं रम्य उपनगर! बंदर पाच मिनिटांवर, बाजार तीन मिनिटांवर, शेजार एकदम शांत.”

शेजारच्या चर्चमध्ये भोंग्याची चाचणी चालली होती, पलीकडे दोन जनरेटर धडधडत होते.

“पाच मिनिटं कशानं, विमानानं का?” गिऱ्हाइकाच्या बायकोनं विचारलं. मग तिची नजर भिंतीवर गेली. तिनं ती दोन वाक्यं सावकाश वाचली, नवऱ्याचा दंड धरला आणि म्हणाली, “चला. इथं खरं बोलणारी एकटी ही भिंतच दिसतेय.”

“अहो ताई, ते जुनं आहे!” सुंकान्मी मागून ओरडला.

“भामटे असंच म्हणतात,” ती रिक्षात बसता बसता म्हणाली.

मंगळवारी बाईंनी स्वतः पदर खोचून भिंतीला पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. संध्याकाळी भिंत दुधासारखी झाली. बुधवारी सकाळी बाई दात घासत बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. पांढऱ्यातून गुलाबी अक्षरं वर आली होती, ‘हे घर विकणे नाही’, आणि गुलाबी रंगात ती जरा जास्तच नाजूक, लाडिक दिसत होती. बाईंनी आणखी दोन हात मारले. दुपारी अक्षरं परत हजर.

“मेल्यावरसुद्धा माझं ऐकायचं नाही असं ठरवलंय या माणसानं,” त्या भिंतीला म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी ‘वि’च्या वेलांटीवरून बोट फिरवलं. एका फटक्यात काढलेली वेलांटी, कुठे थरथर नाही. हा माणूस साखर मोजून चहात घालताना सांडायचा, आणि ब्रश धरला की त्याचा हात देवाचा व्हायचा. बाईंना इतक्या वर्षांनीही त्याचं आश्चर्य वाटत होतं.

गुरुवारी त्यांनी गफारूला बोलावलं. गफारू मास्टरांचा जुना शागीर्द, आता स्वतःच चाळिशीचा पेंटर. त्यानं भिंत पाहिली आणि डबा बाजूला ठेवून गुरूसमोर घालावं तसं भिंतीसमोर साष्टांग लोटांगण घातलं.

“गफारू, ऊठ. रंग लावायला बोलावलंय तुला.”

“आई, मास्टरच्या अक्षरावर मी ब्रश फिरवू? माझा हात झडेल.”

“नाही फिरवलास तर मी झाडीन.”

मग त्यानं डोळे अर्धे मिटून, मनातल्या मनात माफी मागत अख्खी भिंत काळी केली. लाल मुळीच दिसेना. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात ऊन तिरपं झालं. मास्टर रंग जाड लावायचे, त्यामुळे अक्षरांना चांगलीच उंची होती. काळ्यावर काळी अक्षरं उठून आली आणि संगमरवरात कोरल्यासारखी झळकायला लागली. रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. एक म्हातारा तर टोपी काढून उभा राहिला, त्याला ते थडगं वाटलं.

“काय काम आहे!” गफारू पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “आई, हे जाणार नाही. हे जाण्यासाठी लिहिलेलंच नाही.”

आता एकच उपाय उरला. शुक्रवारी सकाळी दोसू नावाचा, सीमेपलीकडच्या कोतोनूचा गवंडी छिन्नीहातोडी घेऊन आला. त्याला इथली भाषा येत नव्हती. बाईंनी खुणेनं दाखवलं, हा सगळा गिलावा उतरव. त्यानं मान डोलावली आणि ठोकायला लागला. बाई आत अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळायला गेल्या, कारण सुंकान्मी दहा वाजता नवीन गिऱ्हाईक आणणार होता आणि उपाशी गिऱ्हाईक घरात खोट काढतं असा त्यांचा अनुभव होता.

गिऱ्हाईक होते एफिओंग, बोटींच्या इंजिनांचे मेकॅनिक, शांत माणूस. ते आणि सुंकान्मी भिंतीपाशी येऊन उभे राहिले न राहिले, तोच गल्लीत शिट्टी वाजली. गल्लीचं लोखंडी फाटक धाडकन बंद झालं. शेजारपाजाऱ्यांनी बघितलं ते एवढंच, की घरमालकीण कुठे दिसत नाही, एक परका माणूस ‘विकणे नाही’ हातोड्यानं फोडतोय आणि दुसरे दोघे लक्ष ठेवून उभे आहेत. यापेक्षा उघड चोरी कशी असते?

बाई झारा हातात घेऊन बाहेर आल्या, तर सुंकान्मी आणि एफिओंग कान धरून उकिडवे बसलेले. समोर गल्लीच्या मंडळाचे चेअरमन ओयेलेके, तोंडात दातवण, हातात काठी.

“डेमीची आई, घाबरू नका. टोळी सापडली.”

“अहो, टोळी कसली? तो माझा एजंट आहे.”

“तुम्हाला भुलवलंय.”

“चेअरमनसाहेब, घर मी विकतेय. मी स्वतः.”

“मास्टर गेल्यापासून तुमचं मन थाऱ्यावर नाही. कागद दाखवा.”

बाईंनी आतून कागद आणून दिले. चेअरमननी ते उन्हाकडे धरून पाहिले, बाजूच्या दोघांना दाखवले आणि मान हलवली.

“सहा वर्षांपूर्वी त्या भामट्यानं दाखवलेले कागद याहून चांगले होते. शिक्का बघा, किती फिका! त्याचा कसा ठसठशीत होता. आणि इथे नाव लासिसींचं आहे. त्यांना बोलवा, त्यांनी सांगितलं की सोडतो.”

असं बोलल्यावर चेअरमनना स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली. एफिओंग हळूच उठले आणि विजारीची धूळ झटकत म्हणाले, “मॅडम, तुम्ही चांगल्या वाटता. पण ज्याचा मालक कोण यावरून वाद आहे असं घर मला नको. माझी चार मुलं आहेत.”

बाई पायरीवर बसल्या. उद्या शनिवार. झाऱ्यावरून तेल टपकत होतं, तेही त्यांनी टपकू दिलं. रडू येत होतं, पण इतक्या लोकांसमोर त्यांना रडायचं नव्हतं.

या सगळ्या गडबडीत एक आवाज एकदाही थांबला नव्हता. दोसूला यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्याला गिलावा उतरवायला सांगितला होता, तो उतरवत होता. ठक, ठक, ठक. मग गिलाव्याची एक मोठी खपली सुटली आणि धप्पकन खाली आली.

“अरे!” गफारू ओरडला. तो गर्दीत कधी येऊन उभा राहिला होता, कोण जाणे.

खालच्या उघड्या विटांवर लाल होतं. ताजं, ओलं वाटावं असं लाल. दोसूनं धूळ फुंकली, पुढची खपली काढली, मग त्या पुढची. लोक जवळ सरकले. काठ्या खाली आल्या. चर्चचा भोंगासुद्धा नेमका बंद पडला होता. चेअरमन लहान मुलासारखं एकेक अक्षर जुळवत वाचायला लागले.

“हे... घर... मोरेनिकेचे... आहे.”

खाली मास्टरांची वळणदार सही होती आणि सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख. बाईंना ती तारीख वाचायची गरज नव्हती. त्या दिवशी त्या माहेरी अबेओकुटाला होत्या, डेमी झाली होती. बाप जवळ नसताना जन्मली म्हणून तिचं नाव अबिडेमी ठेवलं. बाप इकडे नव्या घराच्या विटांसमोर उभा राहून हे लिहीत होता, हे कोणाला माहीत? चाळीस दिवसांनी बाळाला घेऊन त्या आल्या तेव्हा भिंतीला गुळगुळीत गिलावा झाला होता. लासिसींनी विचारलं होतं, “कसं वाटतं घर?” आणि त्या म्हणाल्या होत्या, “खिडकी जरा लहान झाली.”

भिंतीत काय लिहिलंय ते न सांगता, मरेपर्यंत तो ‘खिडकी लहान झाली’ हे ऐकून घेत राहिला.

बाई उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि स्वतःच्या नावावर तळहात ठेवला. आता त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. असा माणूस आपल्या घरात साखर सांडत वावरत होता!

चेअरमननी टोपी काढली. “मास्टरनं स्वतः लिहून ठेवलंय. यावर आता मी काय बोलणार? साक्षीदार म्हणून माझी सही घ्या.” मग सुंकान्मीकडे वळून म्हणाले, “कान सोड रे. किती वेळ धरून बसणार आहेस?”

एफिओंग अजून भिंतीकडेच बघत होते. “मी घर घेतो,” ते म्हणाले. “ज्यानं हे लिहिलं त्यानं भिंत कच्ची बांधली नसणार.”

शनिवारी दुपारी अबेओकुटाच्या खोल्यांची किल्ली बाईंच्या कमरेला होती.

डेमीला मुलगी झाली. तिची सातवी आंघोळ घालून बाई हात पुसत होत्या, तेव्हा फोन वाजला.

“आई, मी एफिओंग. जरा अडचण आहे. तुमच्या नावाची.”

“गिलावा कर म्हणून सांगितलं होतं ना तुला?”

“गवंडी तीनदा आला आणि तीनदा परत गेला. माझी बायको हात लावू देत नाही. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून भिंतीसमोर बसते आणि माझ्याकडे बघते. वर शेजारी मला तुमचा भाडेकरू म्हणतात.”

“मग ती म्हणते तरी काय?”

“काही म्हणत नाही. नुसती बघते. आई, चौदा वर्षांचा संसार आहे आमचा. कालपासून मला जेवणच जात नाही.”

बाईंनी नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “बायकोचं नाव काय तुझ्या?”

“एनो.”

“छोटं नाव आहे, तुझं नशीब. मागची भिंत सगळी कोरी आहे. ब्रश घे.”

“मला नाही येत, आई. माझं अक्षर फार वाईट आहे.”

“वाचता आलं म्हणजे झालं,” बाई म्हणाल्या. “आणि गिलाव्याखाली लपवू नकोस. तिला आजच दाखव.”