स्थानिक लोक जेवतात तेथेच जेवावे

जावा बेटावरच्या सुंबरवांगी गावच्या पाहुणे-मार्गदर्शन कक्षाने परदेशी पाहुण्यांसाठी 'उपयुक्त माहिती' नावाची एक पुस्तिका काढली. नळाचे पाणी पिऊ नये, देवळात गुडघे झाकावेत, माकडांसमोर केळे सोलू नये, अशा सर्वमान्य सूचना तीत होत्या. शेवटची सूचना होती, 'जेथे स्थानिक लोक जेवतात, तेथेच जेवावे.' तीत कोणाला काही वावगे दिसले नाही. पान कोरे सोडण्यापेक्षा बरे, एवढाच विचार छापणाऱ्यांनी केला होता.

ती पुस्तिका गावात वाटली गेली त्या सकाळी पर्तोनोकाका मुर्सिनीमावशींच्या टपरीत सोतो खात बसले होते. कोंबडीचा पिवळाधमक रस्सा, त्यात भात, वर मोड आणि लिंबू. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांची न्याहारी इथेच. घरी सून पावाला जाम लावून द्यायची आणि कोलेस्टेरॉलवर बोलायची. बायको गेल्यापासून काका हसत-बोलत असत ते फक्त या बाकावर. हा बाक आणि हा वाडगा, बस्स, म्हातारा त्यावर खूश होता.

मग पाहुणे आले. पुस्तिका हातात धरून टपरीसमोर उभे राहिले. आता पाहुणा ताटकळत असताना आपण बसून ओरपायचे, हे जावातल्या माणसाला मेला तरी जमायचे नाही. "बसा, बसा, आमचं झालंच!" म्हणत काका अर्धा वाडगा टाकून उठले. न्हावी उठला, शिंपीण उठली. रोज उठू लागले. शेवटी उठण्याचाच कंटाळा येऊन बाकावर एकही गावकरी बसेना. पुढच्या पाहुण्यांनी आत डोकावले, 'इथे तर स्थानिक कोणीच नाही' असे म्हणून ते चालते झाले आणि मावशींच्या तोंडचे पाणी पळाले.

प्रकरण कक्षाचे प्रमुख हेंदार्तोसाहेब यांच्यापुढे गेले. ती ओळ काढून टाकावी, असे एका कारकुनाने सुचवले. साहेबांनी त्याला समज दिली. "छापलेलं चुकीचं कसं असेल? वस्तुस्थितीत दुरुस्ती करा." त्यानुसार पाहुणे आले तरी जागचे हलणार नाहीत असे 'अधिकृत स्थानिक' प्रत्येक टपरीत पगारावर बसवायचे ठरले. इतर गावकऱ्यांनी पाहुण्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून टपरीत खाऊ नये, असाही आदेश निघाला.

काका हरखले. जन्म या गावात, सगळी उमर या गावात पत्रे वाटण्यात गेलेली. आपल्याहून स्थानिक कोण? नातवाने दिलेला फुटबॉलचा टी-शर्ट घालून ते मुलाखतीला गेले.

"सोतो कशाने खाता?" साहेबांनी विचारले.

"चमच्याने."

साहेबांनी समितीकडे खेदाने पाहिले. "स्थानिक माणूस हाताने खातो, काका."

"अहो, रस्सा आहे तो! कोपरापर्यंत ओघळेल!"

"ओघळू दे की. पाहुण्यांना तेच आवडतं. डोक्याला पगडी नाही. मांडी घालून बसता?"

"गुडघे दुखतात हो."

"बघा. इतकी वर्षं गावात काढलीत आणि तुमच्याकडे बघून गावाची आठवणसुद्धा येत नाही."

'अर्जदाराची स्थानिकता दिसून येत नाही,' असा शेरा पडला. नेमणूक झाली ती शेजारच्या बेटावरून आलेल्या दामार नावाच्या नटाची. त्याला कोंबडीचा वाससुद्धा सहन होत नव्हता, पण पगडी शोभत होती आणि हसणे गडगडाटी होते.

"निदान मागच्या दाराने तरी दे गं," काकांनी मावशींना विनवले.

"काका, जीव तुटतो माझा. पण परवाना गेला तर मी कुठे जाऊ?"

काका पाव-जामवर आले. एका सकाळी ताटलीकडे बघताबघता म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. सुनेला वाटले, जाम आंबट निघाला.

त्याच दिवशी काकांनी बाजारातून रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा आणला, नातवाचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि 'उपयुक्त माहिती' काखेत मारून टपरी गाठली. गावकऱ्यांना अडवायला दारात बसवलेल्या शिपायाने कमरेत वाकून त्यांना आत घेतले. मावशींनी वाडगा पुढे ठेवला, चष्म्याच्या आड बघितले आणि पदर नसल्यामुळे फडकेच तोंडाला लावले. "लिंबू जास्त पिळलंय, काका," त्या पुटपुटल्या. "गप जेवा."

काकांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. तेवढ्यात दामार हसत हसत जवळ आला आणि या परक्या पाहुण्याला, रस्सा हाताने कसा खातात, ते मोठ्या प्रेमाने शिकवू लागला. काका शिकले. करतात काय! सोतो तर मिळत होता.

हळूहळू न्हावी टोपी घालून येऊ लागला, मागोमाग शिंपीणही. पर्यटकांच्या संख्येत वाढ झाल्याचे कक्षाने वर कळवले आणि हेंदार्तोसाहेबांना बढती मिळाली.

तुम्हीसुद्धा गेला होतात की गेल्या सुट्टीत. टपरीतला तुमचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलात, 'अस्सल गावकऱ्यासोबत जेवताना' असे खाली लिहून. पगडीवाला तुमच्या खांद्यावर हात टाकून गडगडाटी हसतोय. त्याच्या पलीकडे टोपीवाला एक म्हातारा मान खाली घालून जेवत होता. आठवतो? त्याला तुम्ही कापून टाकलात. पर्यटक मध्ये आला म्हणून फोटो बिघडत होता ना.