पद्मजाच्या पत्रिकेवर कैची

आदिलाबादेत कॉम्प्युटरचं नाव काढलं की लोक व्यंकटेशकडे बोट दाखवत, आणि व्यंकटेश ते बोट खाली जाऊ देत नसे! नव्व्याण्णव सालची गोष्ट. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात हा गडी लिनक्सवर एक प्रोग्राम लिहीत होता. जगभरातली माणसं मिळून एक डेस्कटॉप, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा सगळा संसार, बनवत होती, तोही फुकट वाटायला! त्यातले फाँट, म्हणजे अक्षरांचे साचे, नीट लावून ठेवायचं काम व्यंकटेशनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

"काका, स्वयंपाकघरात डबे लावतात ना, तसं करून राह्यलो," तो शामरावांना सांगे. "मराठी एकीकडे, तेलुगू एकीकडे, चित्रं तिसरीकडे. एकासारखं दुसरं दिसलं की फेकून द्याचं. एक बटन दाबलं की सारं साफ!"

तहसिलीत नोकरी करणाऱ्या शामरावांना त्यातलं एवढंच कळलं की पुतण्या फुकटात काम करतो. त्यांनी लगेच पद्मजाच्या, म्हणजे आपल्या मुलीच्या, लग्नाची पत्रिका त्याच्यावर सोपवली.

पत्रिका झकास जुळली. शामरावांनी कच्ची प्रत चष्मा पुसून पुसून वाचली. "वा! मोत्यासारखं अक्षर. पक्की काढ, मी आत्ताच प्रेसवर नेतो."

इथंच थांबायचं होतं! पण व्यंकटेशला राहवेना. पक्की प्रत काढण्याआधी त्यानं आपलं ते लाडकं बटन दाबलं. तेवढ्यात वीज गेली. यूपीएस आई हरवलेल्या कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवायला लागला. बॅटरी वाचवायला व्यंकटेशनं कॉम्प्युटरचा पडदा बंद केला आणि न बघताच छापायचा हुकूम सोडला. बाहेर शामरावांच्या स्कूटरचा हॉर्न. कागद पालथा बाहेर पडला, तसाच पाकिटात गेला.

प्रेसवाल्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं वर गणपतीचा ठसा लावला आणि जसं होतं तसं छापलं. पत्रिका घड्या घालून, पाकिटात भरूनच घरी आल्या. शामरावांच्या पत्नी सुभद्राकाकूंनी वरूनच हळदकुंकू लावलं आणि पहिलं पाकीट बोथ गावी रवाना झालं, नवरदेवाचे वडील उद्धवराव यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी दारात जीप. उद्धवराव उतरले ते पत्रिका नाचवतच!

"शामराव, सोयरीक मोडाची व्हती तं तोंडानं सांगाचं! कैची काऊन पाठवली?"

"कैची? कसली कैची?"

"हे पाहा! तुमच्या पोरीच्या नावाच्या जागी कैची, आमच्या पोराच्या नावाच्या जागी फुली!"

मागून त्यांच्या पत्नी बयनाबाई पदर खोचत आल्या आणि पत्रिकेतल्या विमानावर बोट ठेवलं. "आन् हे इमान कायले? पोरगी इमानात बसून पळाली का काय?"

"मी इथंच हाये!" चहाचा ट्रे घेऊन आलेली पद्मजा म्हणाली.

शामरावांनी पत्रिका पाहिली. नंतर जी हाक मारली ती बहुतेक शेजारच्या गुडीहत्नूर गावापर्यंत गेली असेल. "व्यंकटेऽऽश!"

व्यंकटेशनं पत्रिका पाहिली. कैच्या, फोन, विमानं, चांदण्या! तो उद्धवरावांकडे वळला. "मामा, चूक माझ्या प्रोग्रामची हाये. त्याला मराठी अक्षरं म्हणजे चित्रंच वाटली. चित्रांचा एक फाँट आधीच होता, म्हणून त्यानं मराठी दुबार समजून फेकून दिली."

उद्धवराव त्याच्याकडे बघतच राहिले. "तुमच्या मशीनीले मराठी वाचता येत नाई, आन् तुमी तिलेच पत्रिका लिहाले लावली?"

व्यंकटेशनं सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि टाइप केलं, 'उद्धवराव'. पडद्यावर उमटलं एक पाकीट, दोन फुल्या, एक चांदणी. उद्धवरावांनी मिशीवर हात फिरवला.

"माहं नाव टाक," बयनाबाई म्हणाल्या.

पहिल्याच अक्षराला विमान आलं! "अगं माय, मीच इमानात बसली!" म्हणत बाई अशा हसल्या की पद्मजालाही हसू फुटलं, आणि मग उद्धवरावांनाही मिशीआड काही लपवता येईना.

"लगन ठरल्या दिवशीच लागंल," ते उठता उठता म्हणाले. "पन पत्रिका हातानं लिहा."

पद्मजानं ती स्वतः लिहिली, तिच्या अक्षराचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करून छापली आणि लग्न थाटात लागलं.

व्यंकटेशला मात्र चैन नव्हतं. त्यानं प्रोग्राम मुळापासून तपासला, मराठीसाठी वेगळा डबा केला आणि रागाच्या भरात चित्रांचा तो फाँटच पुसून टाकला. आता चूक होणं शक्य नाही! सुधारलेला प्रोग्राम त्यानं जगाकडे पाठवला आणि कौतुकाची वाट बघत बसला.

जगातून काही आलं नाही. प्रेसवाला आला.

"भैया, वो शादी के कार्ड में क्या कैंची थी! तीन हजामत की दुकानां बोर्ड मंगरे. वैसीच निकाल के दो ना!"

व्यंकटेश दुपारभर कीबोर्ड बडवत बसला. काही केल्या कैची निघेना. निघत होती ती नुसती सुरेख, शुद्ध मराठी!