जीप वळंना!

मोटारीतलं मला कळत न्हाई असं म्हणणारा साताऱ्यात अजून जन्माला यायचाय! चौदा वर्षं लडाखच्या बर्फात मिलिटरीची जीप हाकलीय या मानसिंग हवालदारानं. म्हणून तर पेन्शनीत निघाल्यावर लिलावातली जुनी मिलिटरी जीपच घेतली. चारी चाकांना जोर देणारी!

पण बया वळंना! स्टेअरिंग पिळावं डावीकडं, अन् गाडी आपली नाकासमोर. दोनदा पानाच्या टपरीत शिरली. मेव्हणा नाथाजी म्हणतो कसा, "दाजी, माझ्या हातात तर झकास वळती की!"

म्हणजे खोट माझ्या हातात? टाळकंच फिरलं माझं! हा गडी किल्ली फिरवून तसाच सुटणारा, अन् मला शिकवणार! माझी शिस्त मिलिटरीची. बसलो की आरसा पुसायचा, दांडे ओढायचे, हॉर्न वाजवायचा, मगच गाडी हलणार. उतरताना सगळं पुन्हा जागच्या जागी.

"खोट स्प्रिंगांत हाय," मी जाहीर केलं. "रविवारी पोराच्या साखरपुड्याला सांगलीला हीच जीप नेणार. सोयऱ्यांच्या गल्लीत न्हाई वळली, तर मिशी उतरवीन!"

बिराप्पा मिस्त्रीला सांगितलं, "पुढच्या स्प्रिंगांचा एकेक पाटा काढ, मागं दोन-दोन घाल. पुढं मऊ, मागं कडक. मग बघ कशी वळती!"

"हवालदार, आधी मी एक चक्कर मारून बघू का?"

"मिस्त्री हायस का मास्तर?" मी खेकसलो. बिचाऱ्यानं गप पाटे घातले.

रविवारी निघालो. शेजारी नाथाजी, मागं नवरदेव आन् पेढ्यांचा डबा घेऊन माझी बायको विजयमाला.

"आवं, जीप हाय का उखळ? कांडून निघालो की आमी!"

"वळणावर कळंल!" मी म्हणालो. कराडपर्यंत डब्यातल्या सगळ्या पेढ्यांचा मिळून एकच पेढा झाला.

सांगलीच्या विश्रामबागेत गल्लीच्या तोंडाशी सोयरी मंडळी हार घेऊन उभी. मी मिशीला पीळ दिला अन् स्टेअरिंग पिळलं. जीप सरळ! हारवाले पांगले, आमी कुंपण मोडून शेजारच्या गुणमालाबाईंच्या अंगणात, वाळत घातलेल्या पापडांवर!

"आगं बया, माझं पापड!"

"त्या बिराप्पाला धरा आधी!" मी ओरडलो. "पाटेच खोटे घातले त्यानं!"

सोयरे लालासाहेब रिटायर सुभेदार. शांतपणे आले, आत वाकून बघितलं.

"पाव्हणं, हा छोटा दांडा का ओढलाय?"

"का म्हणजे? बसलो की पहिला तोच! लडाखात पुढच्या चाकांना जोर न्हाई दिला तर..."

"हवालदार," ते म्हणाले, "सांगलीत बर्फ कुठं पडलाय?"

सगळी गल्ली हसायला लागली.

"बर्फात, चिखलात चारी चाकांना जोर द्यावा. कोरड्या डांबरावर दिला की गाडी वळायला कुरकुरती." असं म्हणून त्यांनी दांडा पुढं ढकलला, जीप मागं घेतली आन् एका हातानं वळवून दारात लावली.

"वळती की!" नाथाजी म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलंच न्हाई.

साखरपुडा झाला. सुभेदार 'राहू द्या' म्हणतील या आशेनं मी मिशीचा विषय काढला. त्यांनी वस्तरा आणून दिला!

परतताना विजयमाला हट्टानं पुढं बसली. मी आरसा पुसला, सवयीनं हात छोट्या दांड्याकडं गेला. तिथं तिचा हात आधीच होता!