पहिल्या गाण्याचा मानकरी

सव्वासहा वाजून गेले तरी माईकला कुणी हात लावला नव्हता. हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये चोवीस माणसं बसली होती आणि सगळीच्या सगळी आपापल्या सूपमध्ये काहीतरी हरवल्यासारखी बघत होती. पडद्यावर गाण्याचे शब्द येत होते, रंग बदलत होते आणि कुणीही न म्हणता निघून जात होते. निवेदक पडद्याशेजारी उभा राहून हसत होता. हे हसू त्याने साडेपाचलाच चढवलं होतं आणि आता त्याचे गाल दुखायला लागले होते.

दर गुरुवारी संध्याकाळी कराओके, ही कल्पना त्याचीच. त्यामुळे शिव्या द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं. ‘माणूस आंघोळ करताना गातो, इस्त्री करताना गातो, मग माईक दिल्यावर का नाही गाणार?’ असं म्हणून त्याने ती मालकांच्या गळी उतरवली होती. मालकांनी मशीन आणलं, पडदा लावला, त्याला ‘निवेदक’ असं पद दिलं आणि पाच गुरुवार वाट पाहिली. पाच गुरुवारांत मिळून एकच गाणं झालं होतं, आणि तेही अर्धं.

निवेदकाने माणसाच्या मनाचा अभ्यास करण्यात काही कसर ठेवली नव्हती. त्याने दिवे मंद केले, तेव्हा लोकांना जांभया आल्या. टाळ्या वाजवून प्रोत्साहन दिलं, तेव्हा लोकांनी उलट टाळ्या वाजवल्या आणि बसून राहिले. नवराबायकोने जोडीने गावं असं सुचवलं, तर एका जोडप्यात तिथेच जुनं भांडण निघालं. मागच्या गुरुवारी तर त्याने एका बुजऱ्या गृहस्थाच्या हातात माईक कोंबलाच. गृहस्थ “आलोच” म्हणून बाथरूमकडे गेले ते परत आले नाहीत. माईक दुसऱ्या दिवशी बेसिनजवळ सापडला.

“अजून दोन गुरुवार,” मालक म्हणाले होते. “नाहीतर इथे टेबल टेनिस. त्याला निवेदक लागत नाही.”

आता त्या दोनपैकी पहिला गुरुवार चालू होता, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर त्याचे सासरेबुवा बसलेले होते.

सासरेबुवा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. छत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले, आणि तपासायला काही उरलं नाही म्हणून लेकीचं घर तपासू लागले. चहाच्या दोन चमच्यांत एकसारखी साखर मावत नाही, भिंतीवरचं घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं होतं. हसणं त्यांनी खात्याबरोबरच सोडलं होतं. “आज यांना घेऊन जा रे तुझ्याबरोबर,” बायकोने निवेदकाला हात जोडले होते. “दोन तास मला माझ्या घरात चुका करू दे.”

साडेसहा वाजले. जिन्यात मालकांच्या चपला वाजल्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा निवेदक सासरेबुवांजवळ गेला आणि म्हणाला, “बाबा, एखादं म्हणता?”

“म्हणतो की,” सासरेबुवा म्हणाले आणि उठले.

पुढची साडेचार मिनिटं हॉलमधलं कुणी विसरणार नाही. सूर वरच्या मजल्यावर होता आणि सासरेबुवा जिन्यात. शब्द पडद्यावर आला की ते आधी तो नीट वाचत, बरोबर असल्याची खात्री करून घेत आणि मगच म्हणत, त्यामुळे संगीत संपलं तेव्हा त्यांचं एक कडवं शिल्लक होतं. तेही त्यांनी सोडलं नाही. निवेदकाने डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं. नोकरीही आणि सासुरवाडही.

गाणं थांबलं. मग खिडकीजवळच्या टेबलावरून दातांच्या डॉक्टरीणबाईंचा हात वर आला.

“मी म्हणू का एक?”

त्यांच्यामागून बेकरीवाल्यांनी हात वर केला. मग एका शिक्षकांनी. मग मागच्या गुरुवारच्या बाथरूमवाल्या गृहस्थांनी. आठ वाजता दिवे घालवायची वेळ झाली तरी पाच जण रांगेत उभे होते आणि मालक निवेदकाच्या पाठीवर थाप मारत होते.

त्या रात्री निवेदकाला झोप लागेना. कारण त्याला शोध लागला होता. लोक चांगलं गाणं ऐकून गात नाहीत. चांगलं गाणं ऐकून लोक सूप मागवतात. वाईट गाणं ऐकलं, की प्रत्येकाला वाटतं, याच्याहून तर आपण बरे! वर्षानुवर्षं लोक एवढ्याच आधाराची वाट बघत बसलेले असतात. आणि तो आधार त्याच्या घरी, शेजारच्या खोलीत घोरत होता.

“बाबा, तुम्ही दर गुरुवारी पहिलं गाणं म्हणायला हवं,” सकाळी तो म्हणाला. “तुमचं ऐकून लोकांना हुरूप येतो.”

यात शब्दही खोटा नव्हता, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खाणार होतं.

सासरेबुवा बदलले. बुधवारी दाढी करू लागले, गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालू लागले. भिंतीवरचं घड्याळ मागे पडत राहिलं आणि त्यांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. “बाबा आज जिना चढताना गुणगुणत होते,” बायको सांगायची आणि तिचे डोळे भरून यायचे. “तू किती चांगला आहेस रे!” निवेदक मान खाली घालून जेवायचा. खरं कारण सांगणार कुणाला?

हॉलमध्ये खुर्च्या कमी पडू लागल्या. निवेदकाने वही केली होती, तिच्यात दर गुरुवारी किती हात वर आले ते तो लिहायचा. अकरा. चौदा. सोळा. मग दोनेक महिन्यांनी एका गुरुवारी नऊ आले. पुढच्या गुरुवारी पाच. त्याने मशीनचा आवाज तपासला, पंखे तपासले, सूपसुद्धा चाखून पाहिलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकही हात वर आला नाही, आणि तेव्हा कुठे त्याने सासरेबुवांचं गाणं कान देऊन ऐकलं.

सासरेबुवा सुरात गात होते.

“तीन महिने शिकतोय,” घरी जाताना ते लाजत म्हणाले. “सकाळी फिरायला जातो म्हणून सांगायचो ना, ते गाण्याच्या बाईंकडे जायचो. एवढे लोक आपल्यावर विसंबून आहेत जावईबापू. तयारी नको?”

शनिवारी दातांच्या डॉक्टरीणबाई आणि बेकरीवाले त्याला शोधत हॉटेलच्या ऑफिसात आले आणि कपाळाला आठ्या घालून समोर बसले.

“तुमचे सासरे सुधारलेत,” बेकरीवाले म्हणाले.

“हो ना.”

“हो ना काय? हे असं ठरलं नव्हतं. आता त्यांच्यामागून मी उभा राहिलो तर लोक हसतील.”

“मी तर घरीसुद्धा गायचं बंद केलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काहीतरी करा.”

निवेदक सोमवारी सकाळी गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या दारात उभा राहिला. “बाई, यांना जरा... आधीसारखं करता येईल का?”

“म्हणजे?”

“म्हणजे थोडं बिघडवता येईल का?”

बाईंनी चष्मा वर केला. “तीस वर्षांत माझ्याकडे पोरं आली ती आईबापांनी ढकललेली. रोज घरून धडा घोटून येणारा हा पहिला माणूस,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता निघा.”

निवेदकाने हात टेकले. सासऱ्यांना खरं सांगावं तर त्यांचं मन मोडणार, आणि त्यांच्यामागून बायकोचं. न सांगावं तर मालकांनी पुन्हा बजावल्याप्रमाणे पुढच्या महिन्यात हॉलमध्ये टेबल टेनिस. दोन्हीकडून मरण होतं, म्हणून त्याने काहीच केलं नाही. काहीच न करणाऱ्याचं काम मग दुसरं कुणीतरी करतं.

सासरेबुवांच्या पुढच्या दातांत एक फट होती आणि तिच्यातून गाताना वारा सुटायचा. बाईंनी ही गोष्ट दाखवल्यावर ते मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे फट बुजवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापसाचे चार बोळे ठेवले, नळी लावली, आणि मग त्यांना राहवलं नाही.

“काका, रागावू नका, पण तुम्ही आधी होता तसेच बरे होता. तुमचं ऐकलं की वाटायचं, याहून वाईट तर आपण गाणारच नाही. म्हणून तर मी पहिल्यांदा हात वर केला. आम्ही सगळे तुमच्याच जिवावर गात होतो हो!”

“आं,” सासरेबुवा म्हणाले. तोंडात कापूस असताना याहून जास्त बोलता येत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना सासरेबुवा अर्ध्यावर उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“बाबांनी सगळं सांगितलं मला. वाईट गातात म्हणून तू त्यांना तिथे उभं केलंस?” बायको हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज फार वाईट.

“आधी वाटलं नव्हतं की—”

“मी अख्ख्या इमारतीला सांगत फिरले, माझ्या नवऱ्याने बाबांना माणसांत आणलं म्हणून. मैत्रिणींना सांगितलं. तुझ्या आईला सांगितलं.”

निवेदकाला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. म्हातारा माणूस तीन महिने पहाटे उठून सूर लावत होता आणि आपण वहीत हात मोजत होतो, हे काही केल्या डोक्यातून जाईना. सकाळी उठून त्याने राजीनामा लिहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि सासरेबुवांच्या दारावर टकटक केली.

“बाबा, चुकलं माझं.”

सासरेबुवांनी दार उघडलं. ते इस्त्री करत होते.

“चूक कसली? तुमचं तत्त्व बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी काल रात्रभर विचार केला. दुकानातलं वजन बदललं की दुसरं ठेवायचं असतं. त्यात वजनाचा अपमान नाही. माझ्या जागी नवा माणूस हवा.”

“कोण मिळणार, बाबा? जो म्हणतो मला गाता येत नाही, तो गातच नाही.”

“माझ्या पाहण्यात आहे एक. रोज ऐकतो. उद्या आणतो.”

निवेदकाच्या छातीवरचा दगड उतरला. एवढा मोठ्या मनाचा सासरा आपल्याला मिळाला, या विचाराने त्याला गहिवरून आलं. राजीनामा त्याने खिशातच राहू दिला.

गुरुवारी हॉल भरला होता. शेवटची संधी म्हणून मालक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. बायकोही आली होती, पहिल्यांदाच. बाबांना कुणी काही बोललं तर त्यांना तडक घरी घेऊन जायचं म्हणून ती दाराजवळची खुर्ची धरून बसली होती. निवेदक नव्या माणसाला शोधत सगळ्या टेबलांवरून नजर फिरवत होता.

सासरेबुवा माईकपाशी गेले. “मंडळी, पहिलं गाणं यापुढे मी म्हणणार नाही. मला आता येतं,” ते शांतपणे म्हणाले. “माझी जागा आमचे जावई घेतील. रोज आंघोळ करताना गातात ते.”

निवेदक दोन पावलं मागे सरला. “बाबा, अहो, मी निवेदक आहे!”

“निवेदन मी करतो. चला.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दिवे कुणीतरी मंद केले. मालकांनी हाताची घडी सोडून टाळ्यांना साथ दिली. कुणीतरी त्याच्या हातात माईक कोंबला. बाथरूम कुठे आहे ते निवेदकाने पाहिलं, पण मध्ये सासरेबुवा उभे होते.

त्याने सुरुवात केली तेव्हा आवाज थरथरत होता. पण दुसऱ्या ओळीला जरा धीर आला. लोक त्याच्याकडे एवढ्या मायेने बघत होते की पहिलं कडवं संपता संपता त्याला वाटलं, अरे, जमतंय की! दुसऱ्या कडव्यात तर त्याने एक तान घेतली. उगाच एवढी वर्षं आपण माईकपासून लांब राहिलो. बाबांचा अंदाज चुकला, आपण त्यांच्यासारखे नाही, आपल्यात काहीतरी आहे. मालक नाराज होतील, टेबल टेनिस येईल, येऊ दे. त्याने डोळे मिटले आणि शेवटची ओळ मन लावून, लांबवून म्हटली.

डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये हातच हात दिसत होते. डॉक्टरीणबाईंचा, बेकरीवाल्यांचा, शिक्षकांचा, मालकांचासुद्धा. सासरेबुवा वही घेऊन क्रमाने नावं लिहीत होते.

“कुणाचा हात आधी वर आला होता?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी दाराकडे बोट दाखवलं. त्याची बायको हात वर करून, खुर्ची सोडून उभी होती.