अप्पांचं मरण आणि मी परीक्षक

सगळा दोष कुकरचा आहे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सामंत दारात उभे राहून मला काहीतरी विचारत होते आणि मी मनातल्या मनात 'नाही' कसं म्हणायचं ते जुळवत होते (मला 'नाही' म्हणायला तयारी लागते), तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. दचकले की माझी मान जोरात खाली जाते. सामंतांनी तो होकार धरला आणि "थँक्यू वहिनी, मोठ्या पेचातून सोडवलंत," म्हणत ते जिना उतरलेसुद्धा.

मी आत येऊन नंदूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "मी आत्ता कशाला हो म्हटलं रे?" (सासऱ्यांसमोर, म्हणजे अप्पांसमोर, मी त्याला 'अहो' म्हणते. ते तेव्हा खाली भाजी आणायला गेले होते.)

नंदूने पेपरमधून डोकं न काढता सांगितलं, "परीक्षक व्हायला."

"कसली परीक्षक?"

"सोसायटीच्या गणपतीचं यंदा पंचविसावं वर्ष ना. सिनेमात गेलेल्या आपल्या सगळ्यांत यशस्वी कलाकाराचा सत्कार करायचाय. शाल एक आणि कलाकार तीन. अप्पा, सेबॅस्टियन अंकल आणि शेवंतीमावशी. कोण ते तू ठरवायचं."

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. त्या आवाजाने मी पुन्हा दचकले.

हे तिघे एकेकाळी गणपतीत आमच्या कंपाउंडमध्ये दहा-दहा मिनिटांची प्रहसनं करायचे. मुलुंड ईस्टला तेव्हा दुसरी करमणूक नव्हती, त्यामुळे खूप गाजायचे. एकदा सिनेमावाल्यांना गर्दीतली माणसं पुरवणारा एक सप्लायर ते बघायला आला आणि तिघांनाही घेऊन गेला. तिथपासून तिघांची मैत्री टिकली, पण 'सिनेमात जास्त कोण चाललं' हा विषय निघाला की तिघेही तीन बाजूंना तोंड करून बसत.

बी विंगमधले सेबॅस्टियन अंकल कितीतरी सिनेमांत बारच्या काउंटरमागे ग्लास पुसताना दिसतात. (घरी त्यांनी आजवर एकही ग्लास पुसलेला नाही, असं त्यांच्या ॲग्नेस आंटी सांगतात.) शेवंतीमावशी मूळच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या. आवाज असा की होडीतल्या माणसाला किनाऱ्यावरून जेवायला बोलवावं. त्यांना प्रत्येक सिनेमात एकच वाक्य मिळायचं, "अरे, कोई डॉक्टर को बुलाओ!" ते मात्र हमखास मिळायचं.

आणि आमच्या अप्पांनी एकाच सिनेमात काम केलं होतं. त्यात ते मेलेले होते. सुरुवातीपासून.

पण खुद्द हिरो त्यांच्या अंगावर पडून रडला होता. अप्पांनी श्वास रोखून धरला होता आणि किती सेकंद, तो हिशोब ते अजून विसरले नव्हते. रोज दुपारी ते हॉलमधल्या दिवाणावर पडून मरण्याचा सराव करत. परत बोलावणं आलं तर तयारी हवी ना!

हे मला लग्नाआधी कुणीही सांगितलं नव्हतं. सासरी येऊन आठवडाही झाला नव्हता. दुपारी मी चहा घेऊन हॉलमध्ये आले, तर अप्पा दिवाणावर, श्वास बंद. मी अशी किंकाळी फोडली की ए विंग, बी विंग आणि समोरच्या पिठाच्या गिरणीवरची रांग, सगळे आमच्या घरात. तळमजल्यावरचे डॉ. नाबर बनियनवर धावत आले, त्यांनी नाडी बघितली. तेव्हा अप्पांनी एक डोळा उघडून त्यांच्या मालवणीत म्हटलं, "प्रॅक्टिस करतंय."

त्या दिवसापासून अप्पा माझ्याशी एका शब्दापलीकडे बोलत नव्हते. "चहा." "मीठ." "पेपर." आणि आता मी त्यांचीच परीक्षक! अप्पांना शाल दिली तर सोसायटी म्हणणार, सून आहे. नाही दिली तर 'मीठ'सुद्धा बंद. मला त्या घरात अजून जन्म काढायचा होता.

मी सामंतांकडे धावले. "अहो, मी त्यांची सून आहे. पार्शालिटी होईल."

"वहिनी, बाकी सगळी सोसायटी आधीच कुणाच्या ना कुणाच्या बाजूला आहे. तुम्हीच काय त्या नवीन. शिवाय सायकॉलॉजी घेऊन बी.ए.!"

तिथेच उभ्या असलेल्या शेवंतीमावशी म्हणाल्या, "पार्शालिटीला माया लागते गं. तू तर त्याला बघून भिंतीला चिकटतेस. तूच बरी."

पुढचे दिवस वाईट गेले. शेवंतीमावशींकडून तळलेले बोंबील आले. सेबॅस्टियन अंकलकडून केक आला, "ॲग्नेसने सहज केला हां, त्याचा कॉम्पिटिशनशी काय संबंध नाय." अप्पांनी काहीच दिलं नाही. फक्त एकदा जेवताना, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "आमटी बरी झालीय."

अख्खे तीन शब्द!

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये परीक्षा ठरली. नंदूने व्हिडिओ लायब्ररीतून व्हीसीआर भाड्याने आणला आणि "मी टेक्निकल बाजू बघतो," म्हणून त्याच्यामागे जाऊन बसला. (माणूस चांगला आहे, पण लपायला जागा पटकन सापडते त्याला.) मी वही-पेन घेऊन मधल्या खुर्चीवर.

"आधी बोला, काय मोजायचं?" मावशींनी सुरुवात केली. "डायलॉग मोजा. ज्याला तोंड उघडायला मिळालं तो आर्टिस्ट."

"मग मी पण बोललोय ना!" सेबॅस्टियन अंकल म्हणाले. "'येस, साब.'"

"ते मान हलवून पण होतं रे."

"नंबर मोज मग! किती पिक्चर केले?"

"तू एकच पिक्चर केलास, सेबॅस्टियन," अप्पा शांतपणे म्हणाले. "ग्लास पण तोच, फडका पण तोच. हिरो तेवढे बदलले."

"आणि तुझा काय रे, दत्ताराम? तुला तर डायरेक्टरने 'काही करू नको' एवढंच सांगितलं!"

"ताच तर कठीण!"

मी म्हटलं, "आपण... बघूया का?" कुणी ऐकलं नाही. नंदूने टीव्हीचा आवाज मोठा केला तेव्हा सगळे (आणि मी दचकून) गप्प झाले.

सेबॅस्टियन अंकल छान दिसले. हिरोच्या खांद्यामागे त्यांचं अर्धं तोंड होतं, पण ग्लास पूर्ण होता. शेवंतीमावशींच्या वाक्याला तर आमच्या खिडकीची तावदानं वाजली. मी वहीत 'चांगलं' आणि 'फार चांगलं' असं लिहिलं.

मग अप्पांची कॅसेट. पडद्यावर अंधारा वाडा, दार करकरलं, व्हायोलिनं किरकिरायला लागली. अप्पा पुढे सरकून बसले. "आता बघ हां, सूनबाई."

मला पहिल्यांदाच त्यांनी 'सूनबाई' म्हटलं. मी डोळे मोठे करून बसले. खरंच बसले होते. पण कुणीतरी पडद्यावर कंदील वर केला, ढॅण्ण करून संगीत वाजलं आणि मी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

हात काढले तेव्हा हिरो घोड्यावर बसून सूड घ्यायला निघाला होता.

"रे नंदू, मागे घे, परत बघूया!" अप्पा खुशीत म्हणाले. मी मनात देवाचे आभार मानले. नंदूने बटण दाबलं. व्हीसीआरमधून कागद चावल्यासारखा आवाज आला आणि नंदूने आतून जे ओढून काढलं ती तपकिरी फितीची लांबलचक गुंतवळ होती. अप्पांची अख्खी कारकीर्द त्यात होती.

"जाऊंदे," अप्पा म्हणाले. "परीक्षकाने बघितलं, पुष्कळ झालं. बघलंस मा गो?"

"हो! अप्रतिम!" मी म्हटलं.

"काय आवडलं?"

आता इथे 'सगळंच' म्हणून गप्प बसायचं की नाही? पण मी कॉलेजात शिकलेली. म्हटलं, "ते डोळे मिटून पडण्यातली शांतता, अप्पा. अगदी झोपल्यासारखं."



"अगो," अप्पा हळूच म्हणाले, "डोळे उघडे होते माझे. पापणी न हलवता. म्हणून तर मला घेतला."

"हिने बघितलंच नाय!" मावशी ओरडल्या. "हिने तोंड झाकलं होतं!"

अप्पा उठले. मला वाटलं, आता आपली बॅग भरायला सांगतात. पण ते दिवाणाकडे गेले, आडवे झाले, आणि मेले. डोळे सताड उघडे, माझ्यावर रोखलेले. छाती हलेना, पापणी हलेना, मान एका बाजूला कलंडलेली.

मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. तरी मी किंकाळी फोडली.

माझी किंकाळी ऐकून शेवंतीमावशी सवयीने उभ्या राहिल्या आणि खिडकीत जाऊन ओरडल्या, "अरे, कोई डॉक्टर को बुलाओ!" सेबॅस्टियन अंकलनी घाबरून टीपॉयवरचा ग्लास उचलला आणि पुसायला घेतला. जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि डॉ. नाबर, पुन्हा बनियनवर, आत घुसले. त्यांनी धापा टाकत अप्पांची नाडी चाचपली, ती सापडेना, डोळ्यांपुढे बॉलपेन हलवलं, चेहरा पाडून हळूच म्हणाले, "नंदू, जरा मन घट्ट कर."

तेव्हा अप्पांची पापणी हलली.

"दत्तारामजी!" डॉक्टर किंचाळले. "तुम्ही मला दुसऱ्यांदा फसवलंत!"

"डॉक्टर फसला?" सेबॅस्टियन अंकलनी ग्लास खाली ठेवला. "एम.बी.बी.एस. फसला? मग काय बोलायचं, दे त्याला शाल."

"देऊन टाका," मावशी नाक पुसत म्हणाल्या. "मेल्याने मला खरं रडवलं."

मी परीक्षक म्हणून मान हलवली. (या खेपेला न दचकता.) अप्पा दिवाणावर उठून बसले आणि थेट माझ्याकडे बघून बोलले, "सिनेमात हिरो माझ्यावर रडलो, पण त्याका पैसे मिळाले होते. तू दोनदा फुकट ओरडलंस. एवढी दाद मला कुणी दिली नाही गो बाय. त्या पहिल्या वेळीच सांगणार होतो, पण तू अशी रागावलेली, माझ्यासमोर थांबशील तर ना!"

म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं ते चिडलेत, आणि त्यांना वाटत होतं मी चिडलेय!

गणपतीत त्या दुपारचंच प्रहसन झालं. मी माझीच भूमिका केली. तो म्हातारा सप्लायर पुढच्या रांगेत होता. माझी किंकाळी ऐकून तो खुर्चीसकट मागे सरकला आणि आठवड्याभरात मला अंधेरीच्या एका स्टुडिओत घेऊन गेला. सिनेमातल्या हिरोइनला ओरडता येत नव्हतं. चेहरा तिचा, किंकाळी माझी. माइक समोर आल्यावर मला काहीच सुचेना, मग सोबत आलेले अप्पा तिथल्या सतरंजीवर मरून पडले आणि काम एका टेकमध्ये झालं.

सिनेमा लागला तेव्हा अख्खी सोसायटी गेली. मी अप्पा आणि नंदूच्या मध्ये बसले होते. पडद्यावर दार करकरलं, हिरोइनने तोंड उघडलं, मी श्वास रोखून वाट बघत राहिले.

टाळ्या वाजायला लागल्या. शेवंतीमावशींनी मागून माझ्या पाठीत धपाटा घातला, "झकास गं!"

मी नंदूला विचारलं, "माझी किंकाळी कधी आहे?"

"झाली की," नंदू म्हणाला. "दचकून कानांवर हात ठेवलेस ना तू, तेव्हाच."