पोचवायला येणारे विनूभाऊ

मुंबईच्या गाडीने कोणीही निघालं, की पोचवायला विनूभाऊ स्टेशनवर हजर. नातं असायची गरज नाही, आमच्या मांडवीत राहत असलात तरी पुरे. आमच्या घरमालकांच्या पाहुण्यांना एकदा पोचवून आले आणि मग मलाच विचारलं, "कोण रे ते?"

पोचवणं म्हणजे नुसता हात हलवणं नव्हे. भाऊ आधी डब्यात चढत, तुमच्या जागेवर स्वतः बसत, खिडकी वरखाली करून बघत, अडलेला पंखा पेन्सिलीने ढोसून चालू करत. मग उठून म्हणत, "बसा. जागा फस्क्लास आहे, मी सांगतो ना! करबुड्याचा बोगदा आला की घड्याळ लावा. संपता संपत नाही!"

कोकणात रेल्वे येऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्हांला वाटे, या माणसाने पन्नास तरी खेपा केल्या असणार.

त्या ऑक्टोबरात मी ठाण्याला निघालो. भाऊ माझ्या जागेवर बसून समोरच्या बाईंना बोगदे समजावत होते. गाडी हलली. भाऊ दारापर्यंत पोचेतो फलाट संपला होता.

"अहो, थांबवा! ही एकटी पडेल!"

मी त्यांना धरून आणून बसवलं. वहिनी पाच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, हे मला ठाऊक होतं. शेजारची शैला रोज तासभर त्यांच्यापाशी बसते आणि तेवढ्यातच भाऊ स्टेशन गाठतात, हे आत्ता कळलं. बोगदा आला तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"भाऊ, तुम्ही तर..."

"पहिल्यांदाच बसतोय रे. सगळं ऐकीव सांगायचो."

संगमेश्वरला क्रॉसिंगसाठी गाडी थांबली. स्टेशनबाहेरच्या बूथवरून त्यांनी घरी फोन लावला. वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अगो, मी संगमेश्वरात. चुकून आलो. आता एसटीने परततो."

पलीकडून आधी "काय?" मग खळखळून हसू.

"गेलात एकदाचे! परत कशाला येताय? खेडपर्यंत तरी जा. शैला थांबतेय माझ्याजवळ. रोज दुसऱ्यांच्या प्रवासाचं मला सांगता, आज तुमचा सांगा."

टीसीकडून खेडचं तिकीट घेतलं, भाऊंना खिडकीशी बसवलं. एरवी तोंड न मिटणारा माणूस नुसता बाहेर बघत राहिला. माझं पेन मागून घेतलं आणि माझ्या पेपरच्या कडेला बारीक अक्षरात लिहू लागला. 'भात पिवळं पडलंय. पुलाखाली दोन म्हशी. एका पोरीने हात केला.'

"भाऊ, चहा?"

"थांब जरा. एवढं निसटेल." मग उघड्या खिडकीतून बोट दाखवत म्हणाले, "उतारावर ती पिवळी फुलं कसली? घरी ही विचारील."

"सोनकी."

त्यांनी 'सोनकी' लिहिलं. थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली. मी वाकून वाचली.

'तुझ्या लग्नातल्या शालूचा रंग.'