घाटात पिक्चर बंद

साळवेतात्यांनी उभ्या आयुष्यात एकही पिक्चर शेवटपर्यंत दाखवला नाही. दाखवणं त्यांच्याच हातात होतं, कारण शेवगावहून दुपारी मुंबईला निघणाऱ्या व्हिडिओ कोचचे ते ड्रायव्हर होते आणि टीव्हीचं बटण त्यांच्या सीटशेजारी होतं. गाडी आळेफाटा ओलांडून माळशेज घाटाच्या तोंडाशी यायची तेव्हा हिरो दोरीला लटकलेला असायचा, खाली मगरी असायच्या आणि त्याची खरी आई कोण ते आता कळणारच असायचं. नेमकं तेव्हाच खट्‌दिशी बटण वाजायचं आणि पडदा काळा. सगळी गाडी एका सुरात ओरडायची. तात्या मान न वळवता सांगायचे, "घाट हाय. बॅटरी एकच हाय."

म्हणजे टीव्ही आणि हेडलाइट एकाच बॅटरीवर. हिरोनं जास्त करंट खाल्ला तर धुक्यात दिवे मिणमिणणार, आणि मग गाडी कुठे जाईल ते सांगायला कुणी उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिरोची आई कोण ते मला अजून ठाऊक नाही.

माझं तेव्हा शेवगावच्या बाजारपेठेत एसटीडी बूथ होतं. तात्यांचं घर मागच्याच गल्लीत. डोळे अधू झाले म्हणून त्यांनी गाडी सोडली, पण भीती काही सोडली नाही. उलट स्टिअरिंग हातात नसल्यामुळे ती चोहोकडे पसरली. टेम्पोत बसले तर एक पाय बाहेर. लग्नात लाउडस्पीकर आणि दिव्यांची माळ एकाच जनरेटरवर असली, तर हे मांडवाच्या दाराशी उभ्यानं जेवणार. मी घास तोंडात असताना बोललो की लगेच हात वर, "भाऊ, बॅटरी एकच हाय. आधी गिळा." आभाळात एवढासा ढग दिसला तरी फोनचा रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून बोलायचे. त्यामुळे त्यांच्या लेकीचं बोलणं त्यांच्याआधी मला ऐकू यायचं. मी मुद्दाम ऐकत नसे. पण कान काही डोळ्यांसारखे मिटता येत नाहीत.

लेक म्हणजे प्रज्ञा. आई लहानपणीच गेली, तात्यांनीच वाढवली. या बापलेकीची एक रीत होती. गाडी सुटताना क्लीनर पत्र्यावर दोन थापा मारतो, त्याला ड्रायव्हर लोक 'डबल' म्हणतात. डबल पडल्याशिवाय गाडी हलत नाही. प्रज्ञा शाळेला निघाली की तात्या दाराच्या चौकटीवर तशाच दोन थापा मारायचे. दहावीच्या पेपराला डबल, पुण्याला इंजिनिअरिंगला निघाली तेव्हा डबल. एकदा तात्या तापानं फणफणले होते, तर पोरीनं त्यांचा हात धरून खाटेच्या लाकडावर दोनदा आपटून घेतला आणि मगच निघाली. ती हे सगळं थट्टेत करायची असं मला आधी वाटत असे.

तर ही प्रज्ञा बंगलोरला नोकरीला लागली, आणि एका रविवारी फोनवर म्हणाली, "तात्या, आम्ही विमानातले टीव्ही बनवतोय. प्रत्येक सीटच्या पाठीला एक. मागच्या माणसानं बसल्या जागी हवा तो पिक्चर लावायचा."

तात्यांचा चेहरा असा झाला की मी स्टूल पुढे सरकवलं.

"समद्यांना येगळा येगळा?"

"हो."

"अन् बॅटरी?"

बॅटरीचं तिनं परोपरीनं समजावलं. इंजिनाचा आणि टीव्हीचा काही संबंध नाही, तारा वेगळ्या, सगळं वेगळं. तात्या हूं हूं करत राहिले. पण मग ती उत्साहाच्या भरात बोलून गेली, की हे टीव्ही ज्या कॉम्प्युटर प्रणालीवर चालतात ती फुकट मिळते. जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरी बसून ती लिहिलीय, कुणीही उघडून बघावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी, पगार कुणाला नाही.

फोन ठेवल्यावर तात्या म्हणाले, "फुकटात मिळालेल्या टायरवर मी कदी गाडी चालवली न्हाई, भाऊ."

मी त्यांना हिवरे बाजारचं उदाहरण दिलं. म्हटलं, तिथं लोकांनी श्रमदानानं बांध घातले की नाही? पाणी अडलं की नाही? तसंच हे, जगाचं श्रमदान.

"श्रमदानाचा बांध भुईवर असतो," तात्या म्हणाले. "फुटला तर पानी वाहून जाईल. इमानातनं काय वाहून जाईल?"

खरं सांगायचं तर भीतीचीही लागण होते. त्या आठवड्यात मी उगाचच बूथच्या वायरी तपासल्या, आणि घरात इस्त्री चालू असताना बायकोला रेडिओ लावू दिला नाही. ती म्हणाली, "तात्यांच्या घरीच राहायला जा एकदाचे."

पुढे प्रज्ञानं टपालानं फोटो पाठवला. विमानाच्या सीटशेजारी ती उभी आहे, पडदा नुकताच सुरू होतोय आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक गुबगुबीत काळापांढरा पक्षी बसलाय. ते म्हणे त्या फुकट प्रणालीचं चिन्ह. तात्या तो फोटो घेऊन हायस्कूलच्या लायब्ररीत गेले, पक्ष्यांचं पुस्तक काढून घेतलं आणि घामाघूम होऊन बूथवर आले.

"लावा बंगलोर."

पलीकडून प्रज्ञानं फोन उचलताच हे ओरडले, "अगं, ह्यो पेंग्विन हाय!"

"हो, मग?"

"ह्याला उडता येत न्हाई!"

ती इतकी हसली की बूथबाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. तात्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. "हासू नको. आमी शकुन-अपशकुन मानत न्हाई, तुला ठावं हाय. ह्यो अपशकुन न्हाई, ही माहिती हाय. पंख असून ज्याला उडता येत न्हाई, त्यो पक्षी इमानात बसवला तुमी, अन् कुनालाच कायबी वाटलं न्हाई?"

हसू ओसरल्यावर तिनं खरी बातमी सांगितली. टीव्ही बसवलेलं ते विमान मुंबईहून परदेशी जाणार होतं, आणि वाटेत ते कसे चालतात हे बघायला कंपनीच्या एकानं त्यात बसायचं होतं. प्रज्ञाचं नाव निघालं होतं.

"तात्या, डबल द्या ना."

तात्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि चालू लागले. मीच काहीतरी सारवासारव केली. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ती तेच मागायची आणि तात्या पिकापाण्याचं विचारायचे, बंगलोरला जणू तिची बाजरी उभी होती. शेवटी ती म्हणाली, "मी बॅग घेऊन मुंबईला येतेय. तुम्हीही या. तिथं डबल दिली तर जाईन. नाही दिली तर माझ्या जागी दुसरी मुलगी जाईल आणि मी परत बंगलोरला. पण यानंतर मला पुन्हा पाठवणार नाहीत. चार वर्षांचं काम आहे माझं, तात्या."

तात्यांना एकटं पाठवण्यात अर्थ नव्हता. मी बूथ बायकोवर सोपवलं आणि आम्ही दुपारच्या गाडीत बसलो. तीच गाडी, ड्रायव्हर नवा. नगरपर्यंत तात्या खिडकीच्या दांडीला धरून होते. एकदाच बोलले, "मी डबल देनार न्हाई. सांगून ठिवतो."

टाकळी ढोकेश्वर मागे पडलं, पिक्चर रंगात आला. मीही बघत होतो. आळेफाट्यानंतर पाऊस लागला आणि घाटात शिरलो तशी धुक्यानं गाडी वेढली. पडद्यावर कॉमेडी चालली होती, सगळी गाडी खदखदत होती. शेजारी बघतो तर तात्या नाहीत.

ते पुढे, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर बसले होते. मी धरत धरत गेलो आणि पहिल्यांदाच समोरच्या काचेतून पाहिलं. रस्ता नव्हता. कठडा नव्हता. हेडलाइटचा उजेड दोन हातांवर धुक्यात विरत होता आणि डाव्या अंगाला जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं दरी होती हे मला माहीत होतं. मागून हशा उसळला. आपण सगळे इतका वेळ हसत होतो आणि पुढे हे असं होतं!

"तात्या, टीव्ही बंद करायला सांगू?" मी विचारलं. "बॅटरी..."

"बॅटरीचं न्हवतं ते, भाऊ," तात्या समोरून नजर न हटवता म्हणाले. "बॅटरी दांडगी हुती. दिवे कदी मिणमिणले न्हाईत."

"मग?"

"मागं गाडीभर मानसं, अन् समदी पडद्याकडं. रस्त्याकडं बगनारा म्या एकला. लई भ्या वाटायचं. प्रज्ञाची आई गेल्यावर तर जास्तीच. चुकलंबिकलं तर 'अरं, संबाळ' म्हनायला बी कुनी न्हाई. पडदा बंद केला की शिव्या देत का हुईना, समदी पुढं बगायची. शिव्या ऐकू आल्या की बरं वाटायचं."

नवा ड्रायव्हर पोरगेला होता. त्यानं एकदा तात्यांकडे पाहिलं आणि हात लांबवून बटण दाबलं. पडदा काळा झाला, मागून गलका उठला. घाट उतरेपर्यंत आम्ही तिघे काचेतून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर लोखंडी कठड्याच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे प्रज्ञा. बॅग पायाशी ठेवून ती उभी होती. आतून कुणीतरी तिला घाई करत होतं.

"तात्या?"

तात्यांचे दोन्ही हात खिशात होते. "तुमी हरेकाला येगळा पडदा दिला," ते म्हणाले. "आता तर कुनीच पुढं बगनार न्हाई. त्यो पायलट केवढा एकला पडंल, इचार केला का कुनी?"

प्रज्ञा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काय उमगलं ते मी सांगू शकत नाही, पण ती हसली नाही. कठड्यावरून वाकून हळूच म्हणाली, "तात्या, पायलट दोन असतात."

"दोन?"

"शेजारी शेजारी बसतात. दोघांसमोर काच असते."

"दोगंबी बगत्यात?"

"दोघंही."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एवढे महिने ताणलेला त्यांचा चेहरा बघता बघता सैल झाला. "मंग आधी सांगायचं न्हाई का, येडे!" ते म्हणाले. "तरी पन तू खिडकीपाशी बस. मदीमदी बाहीर बगत जा. तिसरं मानूस असल्यालं बरं."

त्यांनी खिशातून हात काढला आणि कठड्यावर दोन थापा मारल्या. पहाऱ्यावरचा शिपाई दचकून वळला. प्रज्ञानं बॅग उचलली आणि मागे न बघता आत गेली. डबल पडल्यावर मागे बघायचं नसतं.

काचेचं दार मिटलं तरी तात्यांचा हात कठड्यावरच होता. मी म्हटलं, "चला, चहा घेऊ."

"भाऊ," ते म्हणाले, "परतीच्या गाडीत माज्याशेजारी पुढंच बसा."

"बसतो."

"पिक्चर चालू असला तरी?"

"असला तरी."